इंजिनाचा आवाज आणि हरवलेला पिकअप

मुंबईत घाट नाही, त्यामुळे इथल्या गाड्यांचा दम पुलांवर कळतो. करी रोड स्टेशनालगतचा पूल उंचीने काही मोठा नाही. पण भारतमाता सिनेमाकडून लोअर परळकडे जाताना गाडी त्याच्या चढावर थांबते, हातभर सरकते, पुन्हा थांबते. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला आणि त्याचीही वाहतूक या अरुंद पुलावर येऊन पडली. पहिला गिअर, एसी चालू, आत चार माणसं, मागे बेस्टची बस हॉर्न देतेय. सपाटीवर कित्येक महिने लपून राहिलेला दोष इथे बाहेर पडतो. पेडल दाबलं तरी गाडी उचलत नाही, किंवा बॉनेटखालून खुळखुळ ऐकू येते. पुष्कळदा दोन्ही एकदमच होतं.

गॅरेजमध्ये या दोन तक्रारी बहुधा वेगवेगळ्या लिहिल्या जातात. ‘आवाज येतो’ ही एक ओळ, ‘पिकअप नाही’ ही दुसरी. माझं म्हणणं असं की त्या जोडीनेच वाचायला हव्यात. आवाज आहे पण दम शाबूत आहे, तर संशय आधी इंजिनाच्या बाहेर घ्यावा: फॅन बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंपाचं बेअरिंग, फाटलेलं इंजिन माउंटिंग, सायलेन्सरवरचा सैल पत्रा. दम गेलाय पण आवाज नाही, तर हवा, इंधन आणि धुराची वाट तपासावी. त्याआधी क्लच घसरतोय का आणि एखादा ब्रेक चिकटलाय का हेही बघावं. क्लच घसरत असेल तर इंजिन जोरात फिरतं पण गाडी वेग घेत नाही. ब्रेक चिकटला असेल तर थोडं चालवून थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागतं. या दोन गोष्टी न बघता इंजिन उघडायला घेतलेल्या गाड्या काही कमी नाहीत. आवाज आणि दम दोन्हींची तक्रार एकाच वेळी सुरू झाली असेल, तर मात्र प्रकरण इंजिनाच्या पोटातलं असण्याची शक्यता मोठी. चौथी जोडीही आहे, आवाज कमी झाला आणि दमही कमी झाला अशी. ती मुंबईची खास. तिच्याकडे पुढे येऊ.

आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे सांगणं जास्त उपयोगाचं. खटखट, टकटक, खुळखुळ हे शब्द प्रत्येकाच्या कानाप्रमाणे बदलतात. केव्हा येतो याचं उत्तर बदलत नाही. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर येतो का? येत नसेल आणि फक्त चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढत असेल, तर ते चाकाचं बेअरिंग किंवा टायर असू शकतं, इंजिनाला उगाच दोष नको. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखडून थांबतो का? टायमिंग चेनच्या टेन्शनरपर्यंत तेलाचा दाब पोचायला उशीर होतोय. थंड इंजिनात ठोके पडतात आणि गरम झाल्यावर जातात? सिलिंडरात पिस्टन ढिला झालाय, किंवा मॅनिफोल्डची गॅस्केट फुंकतेय. तापल्यावर धातू फुगून ती फट बुजते. उलट, थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर ठोका, सोबत आयडलला तेलाचा लाल दिवा लुकलुकतोय, तर गाडी तिथेच बंद करावी. तेल पातळ झाल्यावर बेअरिंगमधली फट बोलू लागलीय. अशा गाडीने ‘जाऊ हळूहळू ठाण्यापर्यंत’ म्हणणाऱ्याचा क्रँकशाफ्ट वाचत नाही.

हे सगळं मुंबईच्या मिस्त्रींना स्कॅनर येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं, कारण त्यांना शिकायला एकच इंजिन हजारोंच्या संख्येने मिळालं होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, इंजिन १०८९ सीसीचं. या शहराच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या कित्येक दशकं बहुतांशी याच गाडीच्या होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. त्या इंजिनात सगळं हाताला लागायचं. डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कार्बोरेटर, टॅपेट, काहीही झाकलेलं नव्हतं.

मिस्त्रीची पहिली परीक्षा ठरलेली असायची. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढायची आणि ऐकायचं. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आजारी सिलिंडर तोच. आणि वायर काढताच खालचा जड ठोका एकदम मऊ झाला, तर त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं, कारण स्फोटाचा दाब गेल्यावर सैल रॉडला आपटायला जोर उरत नाही. एका परीक्षेत आवाज आणि दम या दोन्हींची उत्तरं मिळत. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि जागा शोधायची. लयही मोजली जाई. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. ८०० आरपीएमच्या आयडलला क्रँक सेकंदाला तेराएक फेऱ्या मारतो, तर एक व्हॉल्व्ह सेकंदाला सहा-सात वेळाच उघडतो. म्हणून टॅपेटची टिकटिक संथ, हलकी आणि वरून येते. खालचा ठोका जड असतो आणि लोड दिल्यावर वाढतो. लालबाग-परळसारख्या ज्या भागात मागांच्या आवाजावरून माग ओळखणारे गिरणी कामगार राहत होते, तिथे हे कुणाला फार मोठं कसब वाटलंही नसेल.

आजच्या गाडीवर ही वायर काढण्याची परीक्षा जशीच्या तशी करू नये. प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल असते, ती चालू इंजिनात उपसली तर जळू शकते, आणि न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टरचा सॉकेट काढून किंवा स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून हेच काम सुरक्षित होतं. तत्त्व तेच, एक भाग बाजूला काढा आणि काय बदललं ते बघा.

आता गॅस. मुंबईतल्या इंजिनाच्या दुखण्यांचा इतिहास सीएनजीशिवाय लिहिता येत नाही. महानगर गॅस कंपनी १९९५ ची. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्स्यांना गॅसवर जा किंवा रस्ता सोडा, एवढाच पर्याय उरला. हवेसाठी ते बरंच झालं. इंजिनांसाठी मात्र तो अवघड काळ होता, कारण त्याच सुमारास, १ फेब्रुवारी २००० पासून, देशभर शिसेयुक्त पेट्रोलही बंद झालं होतं. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की नॉकिंग थांबतं, हा शोध अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी लावला होता. त्या विषाचा एक आडफायदा होता. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसून धातूवर धातू घासू देत नसे. शिसं गेलं, वर गॅस आला. गॅस कोरडा आणि त्याची ज्वाला सीटला तापवणारी.

मऊ सीट झिजली की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुततो आणि त्याचं दुसरं टोक टॅपेटच्या दिशेने वर येतं. मधली फट कमी होते. फट कमी म्हणजे टिकटिक कमी. चालकाला वाटतं, गाडी काय शांत चाललीय! काही महिन्यांनी फट शून्यावर येते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, गरम वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. तेव्हा एक सिलिंडर जवळजवळ मेलेला असतो. आवाज आणि दम दोन्ही कमी होण्याची जी चौथी जोडी म्हटली, ती ही. म्हणून गॅसवरच्या ज्या गाड्यांत टॅपेटची फट हाताने लावायची असते, त्यांची फट आवाज येण्याची वाट न बघता मोजून घ्यावी. कंपनीतून गॅसवर बनून येणाऱ्या गाड्यांना आता कडक धातूच्या सीट असतात. बाहेरून किट बसवलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांबाबत हा धोका संपलेला नाही.

गॅसवर थोडा दम कमी असणं हा मात्र दोष नाही. वायुरूप इंधन सिलिंडरात सुमारे दहाव्या हिश्श्याची जागा अडवतं, तेवढी हवा कमी शिरते. मारुती वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ४९ किलोवॅट शक्ती देतं, गॅसवर ४१.७, म्हणजे जवळपास १५ टक्के कमी. ‘गॅस किट बसवल्यापासून पूल चढत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला हा आकडा आधी सांगायला हवा. तक्रार खरी धरायची ती याहून जास्त पडझड असेल तर, किंवा तीच गाडी गेल्या महिन्यात बरी होती आणि आता नाही, तर.

पण दोन इंधनांवर चालणारी गाडी ही निदान करणाऱ्याला मिळालेली मोठी सोय आहे, आणि ती कुणी फारशी वापरत नाही. डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं की इंधनाची अख्खी व्यवस्था बदलते, बाकी इंजिन तेच राहतं. पेट्रोलवर बरी आणि गॅसवर मिसिंग करत असेल, तर प्लग आणि कॉइल आधी बघा. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, कमजोर कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. त्यानंतर गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर. टाकीतला २०० बारचा दाब उतरवताना गॅस थंड पडतो, म्हणून रेग्युलेटरला इंजिनाच्या कूलंटची ऊब दिलेली असते. कूलंट कमी असेल तर रेग्युलेटर गारठतो आणि गाडी चढावर मरगळते. रेडिएटरमधल्या पाण्यामुळे पिकअप गेला, हे सांगूनही खरं वाटत नाही, पण कारण तेच असतं. उलट, गॅसवर बरी आणि पेट्रोलवर खराब, तर कित्येक महिने न वापरलेले पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफच्या आवारात गॅसवाहिनीचं नुकसान होऊन मुंबईचा सीएनजी पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा टॅक्सी-रिक्षांचे हाल झाले. अशा दिवशीच कळतं की पेट्रोलची बाजूही अधूनमधून चालवून ठेवायची असते. दोन्हींवर सारखीच खराब असेल, तर इंधन सोडून द्या. कॉम्प्रेशन, हवा, धूर यांकडे वळा.

खुळखुळीची शहानिशाही या बटणाने होते. चढावर लोड दिल्यावर येणारी बारीक धातूची खुळखुळ पेट्रोलवर येते आणि गॅसवर जाते, तर ते नॉकिंग असण्याची शक्यता मोठी, कारण गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा. दोन्हींवर तशीच राहिली, तर काहीतरी सैल आहे.

नव्या गाड्यांत हे नॉकिंग आपल्या कानांपर्यंत येतच नाही. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ते आपल्याआधी ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो. खुळखुळ थांबते, तिच्या बदल्यात शक्ती जाते. पूर्वी जो दोष आवाजातून कळायचा तो आता मरगळीतून कळतो. कार्बन साचलेलं, जास्त तापणारं इंजिन आज शांतपणे कमजोर होत जातं आणि मालकाला वाटतं, गाडी जुनी झाली. लिम्प मोड ही याचीच पुढची पायरी, सेन्सरच्या खुणा जुळेनात की कॉम्प्युटर मुद्दाम शक्ती आवळतो.

मग स्कॅनर लावा, असं कुणीही म्हणेल. लावावाच. गाडीने स्वतःचे दोष नोंदवावेत हा नियम कॅलिफोर्नियात १९८८ ला आला आणि १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून त्याचं पहिलं रूप आणि एप्रिल २०१३ पासून दुसरं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला आज कुणीही स्वस्तातलं यंत्र लावून मोबाइलवर कोड वाचू शकतो. गोंधळ इथून सुरू होतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, एवढंच. ऑक्सिजन सेन्सर बदला असं त्यात लिहिलेलं नसतं. हवेची नळी चिरलेली असेल, पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल, पंप दमला असेल. पी ०४२० कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय म्हणतो, पण तो का बिघडला हे सांगत नाही. बहुतेक वेळा आधी कुठलातरी प्लग किंवा कॉइल मिसिंग करत होती, कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन जळलं आणि आतली चिनी मातीची जाळी वितळून बुजली. नवा कन्व्हर्टर बसवून मिसिंग तसंच ठेवलं, तर तोही त्याच वाटेने जाणार. कोडपेक्षा त्याच यंत्रावर दिसणारा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा जास्त बोलका असतो. आयडलला वाढलेला आणि रेस दिल्यावर सुधारणारा ट्रिम कुठूनतरी चोरटी हवा येतेय असं सांगतो; आयडलला ठीक आणि लोडवर वाढणारा ट्रिम पेट्रोल पुरत नाही असं.

पावसाळ्याचं प्रकरण निराळं. हिंदमाताला भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी पूर्वीइतकं तुंबून राहत नाही, पण परळ-दादरच्या सखल रस्त्यांवर चाकं बुडण्याइतकं पाणी अजूनही येतं. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरात शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, हे बहुतेकांना आता माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की रॉड कधीकधी अगदी थोडाच वाकतो. गाडी सुकवून सुरू होते, धावते. पण पिस्टन एका सिलिंडरात पूर्ण उंचीपर्यंत येत नाही, कॉम्प्रेशन कमी पडतं, बेअरिंगवर तिरका भार येतो आणि दिवाळीच्या सुमारास ठोका सुरू होतो. जुलैच्या पाण्याशी त्याचा संबंध तोवर कुणाला आठवत नाही. मिस्त्रीला तो आपणहून सांगावा. आणि इंजिन प्रोटेक्शनची जोड घेतलेली नसेल तर नेहमीच्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, हेही पावसाळ्याआधी तपासावं.

इथेनॉलचं नाव सध्या प्रत्येक दुखण्याला चिकटवलं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि ई-१० ला (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई-२० वर (वीस टक्के) सहा-सात टक्के घटेल असं धरलं होतं. जुन्या टाकीतला गाळ सुटून फिल्टर तुंबणं, ओलावा शोषणं, रबराच्या नळ्या खराब होणं, हेही खरं. पण इथेनॉलचा ऑक्टेन चढा असतो, नॉकिंग त्याने कमी व्हायला हवं. गेल्या मंगळवारपासून आलेला ठोका ई-२० च्या खात्यावर टाकू नये.

तेलाबद्दल मात्र मुंबईकराने स्वतःचा हिशेब करावा. दहा हजार किलोमीटरला तेल बदला असं पुस्तक म्हणतं. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने ते साधारण १६७ तास होतात. लालबाग-परळच्या कोंडीत ताशी १५ च्या सरासरीने तेच ६६७ तास. इंजिन चौपट वेळ चाललं, मीटर मात्र तेवढंच फिरलं. काळं, जाड झालेलं तेल सम्पमधली जाळी बुजवतं, दाब पडतो, आणि सुरुवातीला सांगितलेले निम्मे आवाज इथून जन्मतात.

एवढं सगळं ऐकून-बघूनही निवाडा होतो तो मोजमापाने. हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट झालीच पाहिजे. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवायचा आणि गेज वाचायचा. पेट्रोल इंजिनाला साधारण १० ते १३ बार मिळतात. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नको. कमी पडलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं आणि आकडा वाढला, तर रिंगा गेल्या. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी, तर मधली गॅस्केट. व्हॅक्यूम गेज तर याहून स्वस्त. समुद्रसपाटीवरच्या मुंबईत निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं, काटा स्थिर. काटा ठरावीक लयीत थरथरला तर व्हॉल्व्ह; अडीच हजार आरपीएमला धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसला तर धुराची वाट बुजलीय. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे हे.

तरी ते होत नाही, आणि यात मिस्त्रीचा एकट्याचा दोष नाही. आपल्याकडे गॅरेजला पैसे मिळतात ते पार्टवर आणि मजुरीवर. शोधण्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. ‘नुसतं बघितलंस, बदललं काहीच नाही, मग कसले पैसे?’ असं विचारल्यावर मिस्त्री काहीतरी बदलतोच. आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर, ऑपेरा हाउसच्या मार्केटमधून पार्ट येत राहतात आणि चौथ्या फेरीत दोष योगायोगाने सापडतो. कंपनीच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्येही वेगळं घडतं असं नाही, तिथे फक्त बिल छापील असतं.

तेव्हा गाडी पूल चढेनाशी झाली किंवा वाजू लागली, तर गॅरेजमध्ये जाताना आवाज केव्हा येतो, थंड की गरम, गॅसवर की पेट्रोलवर, न्यूट्रलमध्ये की लोडवर, हे कागदावर लिहून न्या. निदानाचे पैसे वेगळे देईन असं आधीच सांगा, सगळ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा, आणि ते हातात पडेपर्यंत हेड उघडायला परवानगी देऊ नका.